जुनी मोटारसायकल घेऊन ठेवायची? आधी आरसी बघा, मग टाकी

"दादा, आता आरएक्स हंड्रेड घेऊन ठेवली तर पाच वर्षांनी भाव वाढेल ना?" पाचोरा, चाळीसगाव, शिरपूर, कुठून ना कुठून हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो. कापसाचे किंवा केळीचे पैसे नुकतेच हातात आलेले असतात आणि कुणाच्या तरी गोठ्यात धूळ खात पडलेली गाडी त्याच्या नजरेत भरलेली असते.

माझं उत्तर ठरलेलं आहे. मोजक्याच गाड्यांचा भाव वाढतो, आणि त्यांचाही कागद सरळ असेल तरच. गेल्या अकरा वर्षांत मी चार जुन्या गाड्या घेतल्या, त्यातल्या दोन विकल्या. एका येझदीने मला चौदा महिने आरटीओच्या चकरा मारायला लावल्या. त्या चकरा तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

१. कोणती गाडी चढते, ते आधी ओळखा

गाडी नुसती जुनी झाली म्हणून महाग होत नाही. ती परत कधी बनणार नाही आणि ती हवी असणारी माणसं खिशात पैसे घेऊन फिरतायत, या दोन गोष्टी जुळल्या तर भाव चढतो.

यामाहाची आरएक्स १०० घ्या. १९८५ च्या अखेरीस आली, १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ११ हॉर्सपॉवर. त्या काळात कॉलेजच्या गेटवर तिचा आवाज ऐकून ज्यांनी नुसतं बघत राहायचं काम केलं, ते आज पन्नाशीत आहेत. मुलं शिकली, घर झालं, आता ती गाडी पाहिजे. आणि तसं टू-स्ट्रोक इंजिन आजच्या प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे कंपनीने मनात आणलं तरी जशीच्या तशी गाडी परत येणार नाही. जेवढ्या आहेत तेवढ्याच, आणि त्यातल्याही दरवर्षी काही भंगारात जातात.

राजदूत ३५० ची गोष्ट अजून बोलकी आहे. १९८३ मध्ये आली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर. आपल्याकडे तेव्हा पेट्रोलचा हिशेब करूनच गाडी घेतली जायची. ही महाग, पेट्रोलही भरपूर पिणारी, म्हणून खपली नाही आणि थोड्याच वर्षांत बंद पडली. कमी खपली म्हणून आज कमी उरली, म्हणूनच आज तिच्यासाठी लोक रांग लावतात. पण नवख्या माणसाने पहिली गाडी म्हणून हिच्या वाटेला जाऊ नये. हिचे पार्ट शोधण्यात आणि त्यांची किंमत मोजण्यात माणूस थकतो.

येझदी आणि जुनी जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या. तो १९९६ मध्ये बंद झाला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली, पण यंत्र पूर्ण वेगळं. ज्याला दोन सायलेन्सरची, एकाच दांड्याने किकही मारायची आणि गिअरही टाकायचा अशी टू-स्ट्रोक येझदी हवी आहे, त्याचं समाधान शोरूममध्ये होत नाही. कास्ट आयर्न इंजिनची, उजव्या पायात गिअर असलेली बुलेट याच रांगेतली. डिझेल बुलेट चालू स्थितीत आणि कागदासह दिसली तर मला तरी घाई करावीशी वाटेल.

राजदूत १७५ आपल्या दूधवाल्यांची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लावून तिने अख्ख्या खान्देशचं दूध वाहिलं. माझा तिच्यावर जीव आहे, पण भाव सावकाशच चढतो. खूप बनल्या, आणि ज्या उरल्या त्या ओझं वाहून झिजलेल्या. स्प्लेंडर १९९४ पासून आजही बनतेय, तेव्हा जुनी स्प्लेंडर घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. ती चालवायला घ्या. पुढच्या फळीत मला हिरो होंडाची पहिली सीबीझेड (१९९९) आणि पहिली करिझ्मा (२००३) दिसतात. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता चांगलं कमावू लागली आहेत आणि या गाड्या अजून हाताला लागतील अशा भावात मिळतात. हा माझा अंदाज आहे, पण मी स्वतः त्यावर पैसे लावले आहेत.

२. नफ्याचा हिशेब कागदावर मांडा

इथे बहुतेक जण फसतात. "साठला घेतली, एक लाख वीसला विकली, दुप्पट!" असं ऐकलं की डोळे चमकतात. मधला खर्च कुणी सांगत नाही.

समजा ६० हजारांना गाडी घेतली आणि ४५ हजार लावून उभी केली. झाले १ लाख ५ हजार. हेच पैसे ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर पाच वर्षांत सुमारे १ लाख ४७ हजार झाले असते. त्यात विमा धरा. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. पाच वर्षांचे सव्वाचार हजार. सर्व्हिसिंग, ट्यूब, केबल, बॅटरी वर्षाला ३ हजार धरले तर १५ हजार. नोंदणी नूतनीकरण एकदा आलं तर २ हजार. बेरीज १ लाख ६८ हजारांच्या पुढे जाते. तेवढ्याला गाडी गेली तर तुम्ही बँकेच्या बरोबरीला आलात, कमाई त्याच्या वर सुरू होते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण बेरीज अशीच करा.

गाडी तुम्ही स्वतःच्या वापरासाठी ठेवली असेल तर ती आयकर कायद्याने वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते, विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र वर्षाला पाच-सहा गाड्यांची घेवाण-देवाण करू लागलात तर तो धंदा झाला आणि त्याचं उत्पन्न दाखवावं लागतं.

३. गाडीला हात लावण्याआधी कागद बघा

येझदीची गोष्ट सांगतो. अमळनेर तालुक्यातलं एक गाव. गाडी सुंदर, किकला चालू, टाकीवरचं निकल अजून चमकणारं. विकणाऱ्याने मूळ आरसी बुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक) आणि सही केलेले टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) लगेच हातात दिले. मी खूश. घरी येऊन आरसी नीट वाचली तर मालकाचं नाव विकणाऱ्याचं नव्हतं, त्याच्या मामाचं होतं. चौकशी केली तर मामा वारून नऊ वर्षं झालेली. फॉर्मवरच्या सह्या कुणी केल्या हे विचारायची गरज उरली नाही.

मृत माणसाच्या नावावरची गाडी आधी वारसाच्या नावावर होते, मग तुमच्या. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. इथे वारस चार, त्यातली एक बहीण सुरतला, एका भावाशी बाकीच्यांचं बोलणं बंद. मी त्या घरी इतक्या वेळा गेलो की म्हातारी माय मला जेवल्याशिवाय सोडत नसे. चौदा महिन्यांनी गाडी नावावर झाली. म्हणून आता मी गाडी झाकलेलीच राहू देतो आणि आधी आरसी मागतो. तुम्हीही हे बघा:

- आरसीवरचा मालक जिवंत आहे का, आणि समोर बसलेला तोच आहे का. आधार कार्ड मागा, लाजू नका. कोऱ्या टीटी फॉर्मवर आधीच सह्या असतील तर मालकाला भेटल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.
- नोंदणीची मुदत. पहिली १५ वर्षं, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपून गेली असेल तर मोटारसायकलला दर महिन्याला ३०० रुपये उशिराची फी लागते, म्हणजे वर्षाला ३,६००. हा बोजा कुणी उचलायचा ते भाव ठरवतानाच ठरवा.
- ऑनलाइन नोंद. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरच्या, एमएच-१८, एमएच-१९ च्या आधीच्या काळातल्या गाड्या बऱ्याचदा तिथे दिसत नाहीत, कारण त्यांची नोंद जुन्या रजिस्टरमध्ये आहे. ती संगणकावर चढवून घ्यावी लागते, त्याला आरटीओत बॅकलॉग म्हणतात. शक्यतो मालकाकडूनच हे काम करून घ्या.
- बँकेचा बोजा. तीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ती बँक किंवा पतसंस्थाच बंद पडली असेल तर शोध लांबतो.
- एमपी पासिंग, गुजरात पासिंग. सेंधवा, बऱ्हाणपूर, सुरतकडून येणाऱ्या गाड्या स्वस्त दिसतात. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र म्हणजे एनओसी (फॉर्म २८) विकणाऱ्याकडून हातात घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. इथे नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा कर वेगळा लागतो.

"१५ वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते" असं चहाच्या टपरीवर कुणी सांगेल. तो दिल्लीकडचा नियम आपल्याकडे ओढून आणलेला असतो. आपल्या राज्यात गाडी तपासणीत उतरली आणि पर्यावरण कर भरला तर नूतनीकरण होतं. २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलची फी मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये १,००० वरून २,००० रुपये झाली आहे. जुन्या गाड्या ठेवणं सरकार हळूहळू महाग करत चाललंय, हेही भाव वाढण्याच्या हिशेबात धरा.

४. छाप घ्या, नंबर वाचा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी दात बघतो, मग चाल. मोटारसायकलचे दात म्हणजे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर.

सोबत पातळ कागद, मऊ पेन्सिल, रॉकेलचा बोळा आणि बॅटरी (टॉर्च) न्या. हँडलच्या खाली, चेसिसच्या डोक्याजवळचा चिखल-तेल बोळ्याने पुसा. कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे पांढरे उमटतात. आता निवांत बघा. सगळे आकडे एका उंचीचे, एका खोलीचे आहेत का? एखादा तिरपा, एखादा जास्त खोल? नंबरच्या भोवती ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा आहेत का, की फक्त तेवढ्याच जागी जाड ताजा रंग? यातलं काहीही दिसलं तर गाडी कितीही मोहात पाडत असली तरी निघून या. चोरीची गाडी निघाली तर पैसाही जाईल आणि पोलीस ठाण्याच्या चकराही लागतील.

आरएक्स १०० चा नंबर '१एल१' ने सुरू होतो. बाजारात आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या खूप गाड्या फिरतात. पळायला मजा येते, पण आरसीवर एक नंबर आणि इंजिनवर दुसरा असेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडते, आणि पारखी गिऱ्हाईक ती मूळ गाडीच्या भावाला घेत नाही. इंजिन बदललंच असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. रंगाचंही तसंच. आरसीवर काळा आणि समोर लाल गाडी, हे चालत नाही.

५. बाकी गाडी

ओळखीचा, टू-स्ट्रोक हाताळलेला जुना मिस्तरी सोबत न्या. त्याला दोनशे-पाचशे रुपये आणि जेवण द्या, वसूल होतात. गाडी थंड असतानाच पोहोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड किकचं दुखणं कळत नाही. टाकीवर कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. झाकण उघडून आत बॅटरी मारा, गंज दिसतो का बघा. मॅग्नेटचं (इंजिनच्या बाजूला फिरणाऱ्या, वीज बनवणाऱ्या चाकाचं) कव्हर काढून ते वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या आतल्या मुख्य दांड्याचं, काम निघालं.

आरएक्सच्या ऑइल टाकीत ऑइल आहे का आणि पंप जोडलेला आहे का, हे मुद्दाम बघा. अनेकांनी पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची सवय लावून घेतलेली असते. एखाद्या दिवशी विसरलं की पिस्टन जाम. असा जाम झालेला बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) आतून रेघांनी भरलेला असतो.

६. भाव ठरवताना

मोबाइलवर दिसणारे भाव हे मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हे. गाडी खरंच कितीला गेली हे जळगाव-धुळ्याच्या गॅरेजमध्ये बसून कळतं. दोन-तीन मिस्तऱ्यांशी ओळख वाढवा.

गावात कधी कधी वेगळाच अनुभव येतो. तुम्ही भाव विचारायच्या आधीच अंगणातून उत्तर येतं, "इकनी नही भो, मना बापनी आठवण शे." (विकायची नाही भाऊ, माझ्या बापाची आठवण आहे.) ते खरं असतं, तिथे जोर लावू नका. आपला नंबर ठेवून या. दोन वर्षांनी, घराचा पाया काढताना त्यांनीच फोन केलाय आणि गाडी वाजवी भावात, सगळ्या कागदांसह मिळालीय, असं माझ्याबरोबर झालं आहे. एका मालकाची गाडी अशीच मिळते.

७. नावावर करून घ्या, लगेच

विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. "मग करू" म्हणून ठेवलेली गाडी पुढे तुमच्यासाठी तीच येझदी होते. लागणारे कागद:

- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०
- मूळ आरसी. हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६ वर दुय्यम प्रत
- चालू विमा आणि पीयूसी
- घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), फोटो
- चेसिस नंबरची पेन्सिल छाप

नूतनीकरणासाठी वेगळा फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांत भरता येतो. गाडी आरटीओत हजर करावी लागते. त्या दिवशी हॉर्न, दोन्ही लाइट, मागचा रिफ्लेक्टर चालू पाहिजे आणि कर्कश सायलेन्सर घरी ठेवून कंपनीचा बसवून न्या. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. ऑर्डर करताना ऑनलाइन नोंदीतला चेसिस नंबर जुळावा लागतो, तिथे बॅकलॉगचं काम आधी केल्याचा फायदा कळतो.

आरटीओत स्वतः जा. एजंट लावलात तरी पावत्या स्वतःकडे घ्या.

८. दुरुस्ती करा, पण गाडीचं अंग मोडू नका

नवखे सगळ्यात मोठं नुकसान इथे करतात, तेही हौसेने. मूळ रंगाची, थोडी फिकी पडलेली, स्टिकरची कड उडालेली टाकी ते घासून चकचकीत रंगवतात. त्या क्षणी गाडीच्या भावातला एक मोठा हिस्सा घासकागदाबरोबर खाली पडतो. पुन्हा कितीही चांगला रंग दिला तरी कंपनीचा तो रंग परत येत नाही. माझ्या पहिल्या आरएक्सवर मी हेच केलं. विकताना गिऱ्हाईकाने टाकीवर बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "ओरिजिनल रंग होता का?" होता. मी जुना फोटो दाखवला. ते वाक्य आणि पडलेला भाव, दोन्ही माझ्या लक्षात आहेत.

आधी इंजिन, ब्रेक, वायरिंग, टायर. गाडी सुरक्षित चालली पाहिजे. रंग आणि निकल सगळ्यात शेवटी, तेही गंजाने खाल्लं असेल तरच. काढलेला प्रत्येक पार्ट, अगदी तुटलेला इंडिकेटरसुद्धा, एका लोखंडी पेटीत ठेवा. मीटर, हेडलाइटची काच, कंपनीच्या खुणेचा सायलेन्सर, यांना पुढे किंमत येते. बाजारात डुप्लिकेट पार्ट भरपूर आहेत. चालवायला लावा, मूळचा फेकू नका. बिलं एका फाइलमध्ये लावा.

९. आपल्या उन्हात गाडी सांभाळायची कशी

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या गाडीचं सीट तडकतं, रबर कडक होतं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून आत चिकट थर राहतो. शक्य असेल तर भिंतींच्या खोलीत ठेवा. महिनाभर चालवणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी खाली बसतं आणि आतून गंज धरतो. जुन्या गाडीची रबरी नळी आणि वायसरही त्याने लवकर खराब होतात, दरवर्षी बदला.

मेन स्टँडवर उभी करा. कापूस साठवलेल्या खोलीत ठेवू नका, उंदीर वायरिंग कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा पाच-दहा किलोमीटर फिरवा. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात.

१०. ५० वर्षांची गाडी आणि विंटेज

२०२१ च्या केंद्राच्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्या आरएक्स १०० ला ही संधी २०३५ मध्ये येईल. जावा-राजदूतवाल्यांनी आत्ताच विचार करायला हरकत नाही.

११. विकताना

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक धरला जाणार. म्हणजे तुम्ही पैसे घेऊन गाडी दिली आणि त्याने नावावर केली नाही, तर उद्या त्याच्या हातून घडलेला अपघात तुमच्या दारात येतो. म्हणून घेणाऱ्याला सोबत घेऊनच आरटीओत जा, अर्ज तिथेच भरा, त्याच्या आधार कार्डाची प्रत आणि तारीख-वेळ टाकलेली डिलिव्हरी पावती ठेवा.

मी एक पद्धत पाळतो. गाडी, चावी, कागद त्याच दिवशी देतो. पण जुन्या पार्टची ती लोखंडी पेटी माझ्याकडे राहते. नवीन मालकाचं नाव एम-परिवहनवर दिसलं की त्याला फोन करतो, "या, पेटी घेऊन जा."